बंदी नव्हे, दवंडी

आमच्या गावच्या ग्रामसभेत मध्यंतरी एक ठराव आला. 'गावाच्या हद्दीत कॅमेरा लावलेलं कोणतंही उडतं यंत्र कोणीही उडवू नये.' पाणीपट्टी आणि स्मशानभूमीची शेड हे दोन विषय उरकून मंडळी उठायच्या बेतात होती. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला आणि मग वाद जो पेटला तो तासभर विझेना. या ठरावाचं मूळ २०२४च्या पावसाळ्यात आहे. तेव्हा बीड, जालना, छत्रपती संभाजीनगरपासून आमच्या पुणे जिल्ह्यापर्यंत रात्री आकाशात लुकलुकते दिवे दिसल्याच्या बातम्या रोज येत होत्या. गावोगावची पोरं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन गस्त घालत होती. ड्रोन आधी घरं हेरून जातो आणि मागून चोर येतात, असं जो तो सांगत होता. पुढे दिवे दिसायचे थांबले, भीती मात्र मुक्कामाला राहिली. सरपंचताईंनी शहाणपणाने ठराव पुढच्या सभेवर ढकलला आहे. तोवर माझं म्हणणं मांडून ठेवतो.

मी या वादात तिऱ्हाईत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. माझ्याकडे दीड मीटर पंखांचं, फोमचं, रिमोटवर उडणारं विमान आहे. त्याच्या पोटाखाली वेलक्रोने एक छोटा कॅमेरा बसवतो आणि सुट्टीच्या दिवशी गायरानावर उडवतो. लोक त्यालाही ड्रोनच म्हणतात. तसं ते चुकत नाहीत, कारण २०२१च्या ड्रोन नियमांतही विमानासारखं, हेलिकॉप्टरसारखं आणि दोन्हींचं मिश्रण असे तिन्ही प्रकार एकाच छत्राखाली येतात. थोडक्यात, ठराव झाला तर पहिला बंद होणारा माणूस मी.

पण त्या तासाभरात दोन्ही बाजू ज्या पद्धतीने भांडल्या ती पद्धतच मला खटकली. एका बाजूचं पालुपद होतं 'आयाबायांची अब्रू', दुसऱ्या बाजूचं 'जग कुठं चाललंय आणि तुम्ही कुठं'. पहिल्यांच्या मते कॅमेरा जमिनीवरून उचलला की तो पापी होतो. दुसऱ्यांच्या मते यंत्र नवं असलं की ते आपोआप सुधारणा ठरतं. वर कोण आहे, कशासाठी आहे आणि काही वाकडं झालं तर आपण जाब विचारायला कोणाच्या दारात जायचं, हे कोणीच विचारलं नाही. माझ्या मते हवेतून फोटो काढण्यात गैर काही नाही. निनावी राहून दुसऱ्याच्या घरात डोकावणं गैर आहे, मग ते विमानातून असो, गच्चीवरून असो की आंब्यावर चढून. गावाला काही रोखायचंच असेल तर त्याने निनावीपणा रोखावा, उडणं नव्हे.

आता विरोधकांचं सगळ्यात जड माप आधी पारड्यात टाकतो. सभेत मागे बसलेल्या एक काकू फक्त एकदाच बोलल्या. "भिंत आडवी नजर अडवती रे बाबा, वरनं येणारी कोण अडवणार?" तासभरातलं सगळ्यात खणखणीत वाक्य ते होतं, आणि टाळ्या मिळाल्या त्या दुसऱ्याच कोणाला. काकूंचं म्हणणं नीट ऐकलं तर त्यात एक पूर्ण युक्तिवाद आहे. आपल्याकडची न्हाणी अजूनही कित्येक घरांत बिनछपराची असते. उन्हाळ्यात बाया-माणसं माळवदावर झोपतात. परसात वाळवणं चालतात, बाळंतिणीला कोवळ्या उन्हात बसवतात. हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, कारण आभाळाकडून कोणी बघत नाही हे गृहीत होतं. त्या बाजूला कुंपण घालायची कोणाला गरजच पडली नव्हती. उडता कॅमेरा आला आणि न मागता मिळालेलं ते संरक्षण न विचारता गेलं. 'लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कशाची' हे सभेतल्या एका पदवीधराचं उत्तर मला निव्वळ उद्धटपणाचं वाटलं. न्हाणीला आडोसा लपवाछपवीसाठी नसतो.

कायदाही इथे काकूंना फारसा हात देत नाही. १२ मार्च २०२१ला केंद्राने जे नियम काढले, त्यांत चित्रण करताना माणसाचा आणि त्याच्या मालमत्तेचा खासगीपणा जपावा, असं निदान एक वाक्य होतं. त्यांच्या जागी त्याच वर्षी २५ ऑगस्टला नवे, सुटसुटीत नियम आले. फॉर्म कमी झाले, शुल्क कमी झालं, आणि त्या साफसफाईत हे वाक्यही गेलं. नियम सोपे झाले याचा मला आनंदच आहे, कारण त्यांचा फायदा माझ्यासारख्यालाच होतो. पण झाडताना देव्हाऱ्यातली मूर्तीही केरात गेली, हे कबूल करायला हवं.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. त्यावर छंदवाले हसतात, "फोमचं तर आहे!" असं म्हणतात. त्यांनी जरा पाटी-पेन्सिल घ्यावी. बॅटरी आणि कॅमेऱ्यासकट दीड किलोचं विमान ताशी ६० किलोमीटरने आलं तर त्यात साधारण २०० ज्यूल ऊर्जा असते. ताशी १३० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत याच्या निम्मी. म्हणजे वेगवान गोलंदाजाचे दोन चेंडू एकदम, तेही हेल्मेटशिवाय. ९ डिसेंबर १९७९ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात रिमोटच्या विमानांचा खेळ चालला होता. त्यातलं एक, गवत कापायच्या यंत्राच्या आकाराचं, प्रेक्षकांत घुसलं आणि एका तरुणाचा जीव गेला. हा धोका खरा आहे. पण त्या विमानात कॅमेरा नव्हता. डोक्यावर पडण्याचा धोका कॅमेऱ्यामुळे वाढत नाही, कमीही होत नाही. गर्दीवरून उडवू नका, अमुक वजनाच्या वर परवाना घ्या, विमानतळापासून लांब राहा, ४०० फुटांच्या वर जाऊ नका, हे नियम त्या धोक्यासाठी आहेत आणि असायलाच हवेत. आमच्या ठरावाने मात्र 'कॅमेरा लावलेलं' उडतं यंत्र तेवढं बंद केलं. कॅमेरा काढून तेच दीड किलो शाळेच्या मैदानावरून नेलं तर ठराव गप्प! पडणं आणि बघणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची खिचडी केली की दोन्हीची उत्तरं चुकतात.

मग बघण्याचा प्रश्न. इथेही थोडं गणित करू, कारण 'वरून सगळं दिसतं' हे गृहीतक कोणी तपासलेलंच नाही. मॉडेल विमानावर लावतात तो कॅमेरा बहुधा रुंद भिंगाचा असतो, १२० अंशांच्या आसपास. १०० मीटर उंचीवरून तो जवळजवळ ३५० मीटर रुंदीचा पट्टा एका फोटोत घेतो. फोटो ४००० पिक्सेल रुंद धरला तर एका पिक्सेलमध्ये साडेआठ सेंटीमीटर जमीन येते. माणसाचा चेहरा दोन ठिपक्यांत संपतो. शिवाय विमानाला थांबता येत नाही, थांबलं की पडलं. ३० मीटरवरून ताशी ५० किलोमीटरने जाणारं विमान दोन मीटरची न्हाणी पापणी लवेपर्यंत ओलांडून जातं. याउलट समोरच्या गच्चीवरून, तीस मीटरवरून, पाचपट झूमच्या मोबाइलने काढलेल्या फोटोत एका पिक्सेलमध्ये दोन मिलीमीटर येतात. चोरून बघणाऱ्याला विमान हे सगळ्यात महाग आणि सगळ्यात निकामी साधन आहे. वर चोरून बघताना ते भुंग्यासारखं गुणगुणत आपली जागाही सांगत असतं.

पण या गणिताआड मला लपायचं नाही. चार पंख्यांचा ड्रोन हवेत खिळल्यासारखा उभा राहतो, त्याला झूमही असतो, आणि उडवणारा आडोशाला बसून स्क्रीनवर बघू शकतो. 'आमची विमानं गुणी, ड्रोन तेवढे वाईट' अशी पळवाट जुने एरोमॉडेलर नेहमी काढतात. ही आपल्या जातीची वकिली झाली. साधन बदललं की गणित बदलतं, आणि पाच वर्षांनी आणखी बदलेल. म्हणूनच नियम साधनावर बेतू नये. २०१३ साली भारतीय दंड विधानात चोरून बघण्याचं कलम ३५४-सी आलं, आज तेच भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे. आपल्याला कोणी बघत नाही अशी स्वाभाविक अपेक्षा असताना स्त्रीच्या खासगी क्षणाकडे पाहिलं किंवा तो टिपला, तर पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षं शिक्षा आहे. भिंतीला भोक पाडून पाहिलं की हवेतून, हे त्या कलमात कुठेही विचारलेलं नाही. कायद्याने धरलेली ही दिशा योग्य आहे. अडचण आहे ती माणूस सापडण्याची, आणि तिथे मी परत येणार आहे.

बघणाऱ्या यंत्राची भीती काही आजची नाही. १८५८मध्ये नादार नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसजवळ दोरीने बांधलेल्या फुग्यातून पहिला हवाई फोटो काढला. १८८८मध्ये आर्थर बातू याने पतंगाला कॅमेरा बांधला आणि जळत्या वातीने शटर उघडण्याची युक्ती केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युलिउस नॉयब्रोनर या जर्मन औषधविक्रेत्याने कबुतराच्या छातीवर कॅमेरा अडकवून त्याचं पेटंट घेतलं. १९०६च्या भूकंपानंतर जळून गेलेल्या सॅन फ्रान्सिस्कोचं चित्र जॉर्ज लॉरेन्सने पतंगांच्या माळेवरूनच टिपलं. ते पाहून शहराचं काय झालं हे लोकांना एका नजरेत कळलं, २०१९च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीचं आपल्याला कळलं तसंच. गंमत म्हणजे यांपैकी कशानेही समाज घाबरला नाही. समाज घाबरला तो बातू पतंग उडवत होता त्याच साली बाजारात आलेल्या कोडॅकच्या हातात मावणाऱ्या डब्याला. अमेरिकेत वॉरेन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी १८९०मध्ये खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला, तो झटपट फोटो आणि चावट वर्तमानपत्रं यांना वैतागून. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्या विचाराची वंशावळ त्या लेखापर्यंत जाते. वॉरेन-ब्रँडाइसनी कोडॅक बंद करा असं म्हटलं नव्हतं. माणसाला एकटं राहू देणं हा हक्क आहे आणि तो मोडणाऱ्याने भरपाई द्यावी, असं त्यांनी म्हटलं. डबा राहिला, हक्कही राहिला.

इंग्लंडमधला एक खटला तर आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा असा आहे. १९७४मध्ये स्कायव्ह्यूज नावाची कंपनी लहान विमानातून लोकांच्या घरांचे फोटो काढायची आणि त्याच लोकांना विकायला जायची. लॉर्ड बर्नस्टीन यांच्या केंटमधल्या वाड्याचा फोटो निघाला आणि त्यांनी अतिक्रमणाचा दावा लावला. (हे गृहस्थ ग्रॅनडा टेलिव्हिजनचे संस्थापक. आयुष्यभर दुसऱ्यांवर कॅमेरे रोखणाऱ्या माणसाला स्वतःच्या वाड्याचा एक फोटो सोसवला नाही!) १९७७मध्ये न्यायमूर्ती ग्रिफिथ्स यांनी दावा फेटाळला. जमीनमालकाचा हक्क वर आभाळापर्यंत जात नाही, जमीन रीतसर वापरायला लागेल तेवढ्याच उंचीपर्यंत जातो, आणि एक फोटो काढून जाणं म्हणजे अतिक्रमण नव्हे. पण पुढे त्यांनी हेही बजावलं की कोणी घरावर सतत वरून पाळत ठेवून प्रत्येक हालचाल टिपू लागला, तर न्यायालय त्याला उपद्रव मानून हस्तक्षेप करील. एकदा जाणं आणि डोळे लावून बसणं यांतला फरक त्या निकालात आहे. आमच्या सभेतल्या दोन्ही बाजूंना तो सापडला नव्हता.

बंदीच्या बाजूने एक युक्तिवाद अजून उरतो : बारकावे कोण बघत बसणार, सरसकट बंद केलं की प्रश्न मिटला. तो मिटत नाही, हे आपण देशपातळीवर करून पाहिलेलं आहे. ७ ऑक्टोबर २०१४ला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम होईपर्यंत ड्रोनच्या नागरी वापरावर बंदी घातली. नियम लागू व्हायला १ डिसेंबर २०१८ उजाडला. त्या चार वर्षांत आमच्या तालुक्यातल्या एकाही लग्नातला ड्रोन थांबल्याचं मला आठवत नाही. थांबला तो परवानगी मागत बसलेला अभियांत्रिकीचा विद्यार्थी. मुंबई पोलिसांचे आदेश पाहा. ड्रोन, रिमोट कंट्रोलवर चालणारी मायक्रोलाइट विमानं, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून, अशी तीच यादी महिन्याभरासाठी निघते, संपते आणि पुन्हा निघते. मुंबईने जे भोगलं आहे ते पाहता मी त्या शहराला नावं ठेवणार नाही. २०२१च्या जूनमध्ये जम्मूच्या हवाई तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली, तेव्हापासून तर ही भीती काल्पनिक उरलेली नाही. पण २०२१च्या ड्रोन नियमांनी राज्य सरकार आणि पोलिसांना तात्पुरतं लाल क्षेत्र, म्हणजे उड्डाणबंदीचा भाग, जाहीर करायचा अधिकार दिला आहे, आणि त्याची मर्यादा ९६ तासांची ठेवली आहे. कारण स्पष्ट आहे. सणासाठी, सभेसाठी, धमकीसाठी रस्ता अडवता येतो, पण अडवलेला रस्ता हाच कायमचा नकाशा होऊ नये. रात्री वाईट हेतूने येणारा ग्रामसभेचं इतिवृत्त वाचून येत नाही. ठरावाने थांबतो तो दिवसाढवळ्या, मान वर करून, सगळ्यांच्या देखत उडवणारा.

आणि लग्नाचं काय? ठरावाला हात वर करणाऱ्यांतल्या दोघांच्या घरी गेल्या हंगामात लग्नं झाली. दोन्ही मांडवांवर ड्रोन होता, वरातीवर होता, जेवणाच्या पंगतीवरही होता. बैलगाडा शर्यतीच्या घाटात ड्रोन नसेल तर आयोजकांना कमीपणा वाटतो. तिथे मात्र खाली हजारो माणसं असतात, आणि डोक्यावर पडायचा धोका तिथेच सगळ्यात मोठा! अमेरिकेने हाच घोळ पैशाच्या निकषावर घातला होता. राफाएल पिर्कर या तरुणाने २०११मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाची जाहिरात-चित्रफीत आपल्या फोमच्या मॉडेल विमानातून काढली, म्हणून त्याला दहा हजार डॉलरचा दंड झाला. बेफिकीर उड्डाणाचा आरोप होताच, पण खरं कुसळ होतं ते पैसे घेऊन उडवण्याचं. २०१४च्या मार्चमध्ये न्यायाधीशांनी दंड रद्द केला, नोव्हेंबरमध्ये वरच्या मंडळाने मॉडेल हेही विमानच असं म्हणून निकाल फिरवला, आणि शेवटी ११०० डॉलरवर तडजोड झाली. तेच विमान, तेच आकाश, तोच कॅमेरा. खिशात पैसे आले म्हणून खालच्या माणसाचा धोका वाढला का? आपल्याकडेही दोन किलोपर्यंतच्या बिगर-व्यावसायिक उड्डाणाला प्रमाणपत्र लागत नाही, पैसे घेतले की लागतं. मला सवलत मिळते म्हणून मी गप्प बसावं, असं नाही. खाली गर्दी आहे की मोकळं रान, यावर ही रेघ मारायला हवी होती.

आता जरा मागे जाऊ. आभाळातून बघायचा मान आजवर कोणाकडे होता? सर्व्हे ऑफ इंडिया १७६७पासून ही भूमी मोजत आली. १८६०च्या दशकात सर्व्हेसाठी काम करणारे नैनसिंग रावत यात्रेकरूच्या वेशात तिबेटात चालत गेले. हातात १०८ऐवजी १०० मण्यांची माळ, ठरावीक पावलांना एक मणी, असं मोजत त्यांनी दुसऱ्याचा देश गुपचूप नकाशावर आणला. इंग्रज सरकारला दुसऱ्याचं अंगण मोजायला असा संकोच नव्हता, मात्र १९३७च्या विमान नियमांत तेराव्या क्रमांकावर हे लिहिलेलं होतं की उडत्या विमानातून लेखी परवानगीशिवाय कोणी फोटो काढू नये. स्वातंत्र्य मिळालं, नियम राहिला. सरहद्दीकडचे, किनाऱ्याचे सविस्तर नकाशे कित्येक दशकं सामान्य माणसाला मिळत नव्हते. २००५मध्ये गूगल अर्थ आल्यावर राष्ट्रपती कलामांनी चिंता बोलून दाखवली, पण तोवर जगातल्या कोणालाही आपलं घर वरून दिसू लागलं होतं, फक्त आपल्याला ते मोजायची परवानगी नव्हती. नकाशांवरची ही बंधनं मोठ्या प्रमाणात सैल व्हायला १५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. राजाने वरून बघायचं आणि प्रजेने मान खाली घालायची, ही सवय इतकी जुनी आहे की ती आता प्रजेचीच झाली आहे. परवानगी हेलिकॉप्टरवाल्याला मिळत होतीच. उद्धव ठाकरे यांनी हेलिकॉप्टरमधून टिपलेली गडांची आणि वारीची छायाचित्रं आपण सगळ्यांनी कौतुकाने पाहिली, आणि ती होतीही कौतुकाची. राजगडाच्या माच्या कशा पसरल्या आहेत, गोल रिंगण खरोखर किती गोल असतं, हे कडेला उभं राहून कळत नाही. तेच दृश्य दुचाकीहून स्वस्त विमानातून एखाद्या शेतकऱ्याच्या पोराने टिपलं की 'कशाला हवं हे?' असा प्रश्न का येतो?

आणि इथेच मला आमच्या गावाच्या ठरावातली सगळ्यात मोठी विसंगती दिसते. काही वर्षांपूर्वी आमच्याच गावठाणावरून सरकारी ड्रोन गेला. गावठाणाच्या मोजणीचा प्रयोग आमच्या जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत आधी झाला होता. २४ एप्रिल २०२०ला त्याच धर्तीवर स्वामित्व योजना देशभर जाहीर झाली. आमच्याकडे ड्रोन यायच्या आधी लोकांनी आपापल्या घराच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारल्या, वरून स्पष्ट दिसाव्यात म्हणून! न्हाण्या तेव्हाही उघड्याच होत्या. त्या ड्रोनचा कॅमेरा माझ्या खेळण्यापेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण होता, आणि तो एकेका घरावरून ओळीने गेला. कोणाची अब्रू गेली नाही. का नाही गेली? कारण आदल्या दिवशी दवंडी होती. कोण येणार, कधी येणार, कशासाठी येणार, आणि त्यातून आपल्या हातात काय पडणार हे ठाऊक होतं. सकाळी अंघोळी लवकर उरकल्या गेल्या. यावर कोणी म्हणेल की सरकारची गोष्ट वेगळी, त्यामागे कायदा असतो, जबाबदार अधिकारी असतो. अगदी बरोबर. म्हणजे उंची आणि कॅमेरा या दोन्ही गोष्टी गावाला चालतात. अनोळखी आणि अचानक हे चालत नाही. मग छंद म्हणून उडवणाऱ्याकडून तेवढंच मागा ना.

काय मागायचं, तेही फार अवघड नाही. नोंदणी क्रमांक दिल्लीच्या संगणकात असतो, अंगणात उभ्या काकूंना तो वाचता येत नाही. म्हणून पंखाच्या खालच्या बाजूला वीतभर अक्षरांत नाव लिहावं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वार, वेळ आणि जागा लिहावी. उडवणाऱ्याने उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असं उभं राहावं. गावठाणावरून जायचं असेल तर आधी सांगावं, आणि ज्याला आपल्या घराचा फोटो बघायचा असेल त्याला तो तिथल्या तिथे दाखवावा, पुसायला सांगितला तर पुसावा. सूर्यास्तानंतर उडवू नये. रात्री दिवे दिसले तर ते गावातल्या कोणाचे नाहीत, हे तेव्हा सगळ्यांनाच कळेल आणि पोलिसांना फोन करणं सोपं जाईल. निनावी माणूस सापडत नाही ही जी अडचण वर सोडून आलो होतो, तिच्यावर याहून सोपा उपाय मला दिसत नाही. गावातले नावानिशी ओळखीचे झाले की उरेल तो परका.

एक अपवाद मात्र मी सोडणार नाही, आणि बहुतेक त्यावरच पुढची सभा गाजेल. दवंडी घरांसाठी. नदी, ओढा, गायरान, डोंगर, खाण यांच्यासाठी नाही. २०१२च्या जानेवारीत अमेरिकेतल्या डॅलसची एक बातमी आली होती. एका हौशी माणसाच्या मॉडेल विमानात साधा कॅमेरा होता, आणि त्याच्या फोटोंत मांस कारखान्यामागचा ट्रिनिटी नदीला मिळणारा ओढा लालभडक दिसला. डुकरांचं रक्त होतं ते. त्याने ते कळवलं, चौकशी झाली. हा माणूस आधी कारखान्याला निरोप धाडून उडवायला गेला असता तर ओढा त्या दिवशी कसा दिसला असता? पुढच्याच वर्षी, २०१३मध्ये, टेक्ससने खासगीपणाच्या नावाने कायदा केला आणि दुसऱ्याच्या खासगी मालमत्तेचं पाळत म्हणून परवानगीशिवाय केलेलं हवाई चित्रण गुन्हा ठरवलं. पत्रकार-छायाचित्रकार न्यायालयात गेले. २०२२मध्ये एका न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, २०२३मध्ये वरच्याने तो पुन्हा उभा केला. कायद्याच्या मथळ्यात खासगीपणा होता, पण त्याची सावली परसात वाळवण घालणाऱ्या बाईइतकीच कारखान्याच्या मागच्या नाल्यावरही पडली. आपल्या नदीपात्रात रात्रीतून पडणारे वाळूचे खड्डे, डोंगराच्या मागच्या अंगाने चालणारं मुरमाचं खोदकाम, साखरेच्या हंगामात रंग बदलणारे ओढे यांच्याकडे बघणारा पहिला डोळा सरकारीच असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी सरसकट बंदीला खुशाल हात वर करावा.

सभेनंतर मी तेवढं सुरू केलं आहे. पंखाखाली काळ्या रंगात नाव लिहिलं, फळ्यावर खडूने 'रविवार, सकाळी ८ ते ९, गायरान, पांढरं विमान, कॅमेरा आहे' असं लिहितो. पहिल्या रविवारी पाच-सहा पोरं आणि तीन म्हातारे आले. सभेत बोललेल्या त्या काकू दुसऱ्या रविवारी आल्या आणि मोबाइलच्या पडद्यावर स्वतःचं घर शोधत बराच वेळ उभ्या राहिल्या. न्हाणी एवढी बारीक दिसते हे बघून हसल्या, तरी "वर पत्रा टाकायला सांगते पोराला" असंही म्हणाल्या, आणि मला ते पटलं. तिसऱ्या रविवारी एका आजोबांनी त्यांच्या शेताचा फोटो मागितला. बांध सरळ आहे की वाकलाय, एवढंच त्यांना बघायचं होतं. वाकलेला होता, आणि कोणत्या बाजूला ते वरून लख्ख दिसत होतं. आतापर्यंत ग्रामपंचायतीकडे विमानाविरुद्ध लेखी तक्रार एकच आली आहे. ती त्या बांधाच्या पलीकडच्या मालकाची आहे, आणि तिच्यात 'आयाबायांची अब्रू' हे शब्द दोनदा आहेत.